'रेड बॅरन' खेळामागचा खरा वैमानिक

शिक्षक-पालक मित्रांनो, तुमची मुलं मोबाईलवर विमानं पाडतात ना? 1980 साली अटारीने असाच 'रेड बॅरन' खेळ आणला. काळ्या पडद्यावर नुसत्या उजळ रेषांची विमानं! गड्डा यात्रेत आपण फुगे फोडतो, तशी ती फोडायची.

पण ते टोपणनाव खऱ्या माणसाचं, मानफ्रेड फॉन रिश्टहोफेनचं. जन्म 2 मे 1892. हा मूळचा जर्मन घोडदळातला. पहिल्या महायुद्धात खंदकांपुढे घोडे कुचकामी ठरले, म्हणून विमानदलात गेला. विमान लालभडक रंगवलं. पाडलेल्या प्रत्येक विमानामागे तो चांदीचा एक पेला करून घ्यायचा. 60 पेल्यांनंतर चांदीच मिळेना! विमानं मात्र 80 पाडली. मुलांना पेल्यांची गोष्ट सांगाल, तेव्हा त्या विमानांत माणसं होती हेही सांगा. 1917 मध्ये डोक्याला गोळी लागली, तरी पुन्हा उडाला. 21 एप्रिल 1918 रोजी स्वतःच पडला. वय फक्त 25. शत्रूनेच लष्करी मानाने पुरला.

आणि आपल्याकडचा? मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर, ब्रिटिशांचा वैमानिक. तोही त्याच आघाडीवर पडला आणि 30 जून 1918 रोजी जखमांनी गेला. त्याची कबर फ्रान्समध्ये आहे.