ट्वीटीचा बाप, सेसिलचा दोस्त

तुमच्या ग्रुपमध्ये कुणाच्या तरी बॅगेला पिवळ्या ट्वीटीचं किचेन लटकत असणारच. पण तो ट्वीटी ज्याच्या डोक्यातून आला, त्या बॉब क्लॅम्पेटचं नाव विचारलं तर सगळे गप्प. अ‍ॅनिमेशनच्या पेपरचा अभ्यास करेपर्यंत मीही त्यातलीच.

बॉबचा जन्म ८ मे १९१३ चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचा. बारा वर्षांचा असताना त्याने 'द लॉस्ट वर्ल्ड' हा मूकपट पाहिला. त्यात शेवटी लांब मानेचा एक डायनासोर लंडनच्या नदीतून पोहत निघून जातो. बॉबला तो प्राणी इतका आवडला की त्याने घरी तशीच लांब मानेची, हातात घालायची बाहुली बनवायला घेतली.

बाहुली मग बरीच वर्षं बाजूला राहिली. १९३१ मध्ये, आठवड्याला १० डॉलर पगारावर, तो वॉर्नर ब्रदर्ससाठी कार्टून बनवणाऱ्या स्टुडिओत लागला. पुढे वॉर्नरच्या आवारातल्या एका खिळखिळ्या इमारतीत तो आणि टेक्स एव्हरीची टीम बसायची. तिथे वाळवी एवढी, की जागेचं नावच 'टर्माइट टेरेस' पडलं. १९३७ मध्ये बॉब दिग्दर्शक झाला. १९४२ मध्ये त्याने ट्वीटी आणला, तेव्हा तो गुलाबी होता आणि अंगावर एक पीस नाही! महायुद्ध संपता संपता बॉबने वॉर्नर सोडलं. ट्वीटीला पिवळी पिसं मिळाली ती फ्रिझ फ्रेलेंगच्या हातून. त्याने ट्वीटीची जोडी सिल्व्हेस्टर मांजराशी लावली आणि त्या १९४७ च्या कार्टूनने थेट ऑस्कर मारला. बॉब तेव्हा स्टुडिओत नव्हताच.

मग बाहुली बाहेर आली. २८ फेब्रुवारी १९४९ ला लॉस एंजेलिसच्या टीव्हीवर 'टाइम फॉर बीनी' सुरू झालं. रोज १५ मिनिटं, तेही लाइव्ह. पंख्याची टोपी घातलेला छोटा बीनी आणि त्याचा जिगरी दोस्त सेसिल, म्हणजे समुद्रातला हिरवा अजस्र सर्प. गंमत अशी, की समुद्रातच राहणाऱ्या या राक्षसाला समुद्र लागतो! बघताक्षणी घाबरावं असं धूड, पण मनाने एकदम भोळं. शोला तीन एमी मिळाले. १९६२ मध्ये त्याचंच 'बीनी अँड सेसिल' हे कार्टून झालं आणि त्याचं शीर्षकगीत संपायचं ते बॉबच्या नावावर. दर वेळी, न चुकता.

नावाची ही हौस त्याला महागातही पडली. १९७५ मध्ये बग्ज बनीवर माहितीपट आला, त्यात बॉबच सूत्रधार होता. इतरांच्या कामाचं श्रेय तो स्वतःकडे घेतो, असं म्हणत जुना सहकारी चक जोन्स भडकला. १९७९ च्या त्याच्या चित्रपटात बग्ज आपल्या सगळ्या 'बापांची' ओळख करून देतो, त्यातून बॉब गायब! बातमीवर नाव छापून आलं की नाही यावर जिचा दिवस ठरतो, अशा माझ्यासारख्या इंटर्नला दोघंही कळतात. पण जोन्सने केलं ते मला पटत नाही. जास्त श्रेय घेणाऱ्याचं होतं तेवढंही पुसून टाकायचं, हा कुठला हिशेब?

पुढे 'बीनी अँड सेसिल' व्हिडिओ कॅसेटवर आलं. सत्तरीतला बॉब त्याच्या प्रचारासाठी गावोगाव फिरत होता. मे १९८४ मध्ये, या दौऱ्यातच, डेट्रॉइटला त्याला हार्ट अटॅक आला आणि तो गेला. एकाहत्तरावा वाढदिवस अगदी तोंडावर आला होता.