शेवाळाच्या रंगामागचा माणूस

अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात थिओडोर एंगेलमान दोन-चार ओळींत भेटतात. लोलकाने प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांनी ते हिरव्या शेवाळावर पाडले. प्राणवायूच्या ओढीने जिवाणू तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांत गोळा झाले. झाले, प्रश्न दोन गुणांचा! मला मात्र हा माणूस त्या प्रश्नापेक्षा फार मोठा वाटतो.

जन्म १८४३ चा, लाइपझिगचा. वडील पुस्तकांचे प्रकाशक. हॉलंडमधल्या उट्रेख्टला ते नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ डोंडर्स यांच्याकडे आले आणि त्यांचे जावईही झाले. पण पत्नी अकाली गेली. १८७४ मध्ये त्यांनी पियानोवादक एमा ब्रांडेस हिच्याशी विवाह केला. स्वतः ते चेलो वाजवीत. ब्राम्ससारख्या संगीतकाराने आपली एक रचना त्यांना अर्पण केली, यावरून त्या घरातल्या मैफलींची कल्पना यावी.

१८८२ साली त्यांनी युग्लीना या इवल्या जिवाकडे नजर वळवली. तिच्या अंगावर तांबडा ठिपका असतो. तोच डोळा, असे कुणालाही वाटेल. पण ठिपक्यावर सावली येण्याआधीच, पुढचे बिनरंगी टोक सावलीत शिरताच युग्लीना दचकते, हे त्यांनी टिपले. प्रकाश ओळखणारी जागा ठिपक्याच्या पुढे होती.

१८९७ मध्ये ते बर्लिनला गेले. तिथे गायदुकोव्ह या सहकाऱ्याने १९०२ च्या सुमारास नीलहरित शेवाळ रंगीत प्रकाशात वाढवले. (आज त्याची गणना जिवाणूंत होते, पण जुने नाव सुटत नाही.) हिरव्या प्रकाशात ते तांबूस झाले, तांबड्यात निळसर हिरवे! मिळेल तो प्रकाश शोषता यावा म्हणून शेवाळ रंगच पालटत होते. समुद्रात खोलवर तांबडी शेवाळे का, याचे उत्तर एंगेलमान यातच पाहत. खोलीचा तो नियम पुढे इतका सरळ राहिला नाही. रंगपालट मात्र खरी ठरली.

ती घडते कशी, हे त्यांना कळणे शक्यच नव्हते. ‘जीन’ हा शब्द योहानसेन यांनी १९०९ मध्ये रूढ केला आणि त्याच वर्षी एंगेलमान वारले. १९९६ साली केहो आणि ग्रॉसमन या अमेरिकी संशोधकांना अशाच एका शेवाळात प्रकाश ओळखणारे प्रथिन सापडले. पेशीतल्या या पहारेकऱ्याच्या इशाऱ्यावर हिरव्या प्रकाशात तांबड्या रंगद्रव्याची जनुके जागी होतात. तांबडा प्रकाश आला की ती झोपतात आणि निळ्या रंगद्रव्याची कामाला लागतात.