ताटीबाहेर उभी राहिलेली बहीण

भुसावळहून मलकापूरकडे जाताना महामार्गावर मुक्ताईनगर लागते. जुनी माणसे अजून एदलाबाद म्हणतात. तापी आणि पूर्णा या नद्यांचा संगम येथून जवळ आहे. संगमावर चांगदेव नावाचे गाव आहे, तापीकाठी मेहूण आहे आणि मुक्ताईनगरला लागूनच कोथळी आहे, जिथे मुक्ताईचे जुने मंदिर आहे. हतनूर धरणाच्या फुगवट्याचे पाणी या परिसरात दूरवर पसरलेले असते. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी या तापीकाठी शेवटची दिसली, आणि तिच्या नावाने आज हा तालुका ओळखला जातो.

रविवारच्या या पत्रकात वारकरी संतांवर लेख कशाला, असे कोणी विचारील. 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचे आपले घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला तर हे नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी प्रभू येशूची कथा मराठीत सांगायला घेतली तेव्हा ज्ञानेश्वरांची ओवीच हाती धरली, आणि त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले. पण मुक्ताईवर लिहिण्याचे कारण याहून साधे आहे. मिस्सानंतर धर्मगुरूंशी दोन शब्द बोलायला थांबणारे कितीतरी जण एकच तक्रार सांगतात. डोके थांबत नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की कोण काय बोलले, आपण काय बोलायला हवे होते, उद्या काय होईल, याची चक्की सुरू होते. प्रार्थनेला बसले तर ती जास्तच जोरात फिरते. अशा चक्कीत सापडलेल्या एका मोठ्या माणसाला त्याच्या लहान बहिणीने कसे बाहेर काढले, ती गोष्ट मुक्ताईच्या चरित्रात आहे.

परंपरेनुसार मुक्ताईचा जन्म शके 1201, म्हणजे इ.स. 1279 चा. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार भावंडे. वडील विठ्ठलपंत मूळचे पैठणजवळच्या आपेगावचे आणि आई रुक्मिणी आळंदीची. विठ्ठलपंतांनी तरुणपणी काशीला जाऊन संन्यास घेतला होता. घरी पत्नी आहे हे कळल्यावर गुरूंनी त्यांना परत पाठवले आणि ते पुन्हा संसाराला लागले. संन्याशाने संसार करणे हा त्या काळच्या धर्ममार्तंडांच्या लेखी मोठा अपराध होता. घर वाळीत पडले. मुलांच्या मुंजी होईनात. शेवटी देहान्त प्रायश्चित्त हाच उपाय आहे असा निवाडा झाला आणि मुलांना समाजात जागा मिळावी या आशेने आईबापांनी पाण्यात देह टाकला.

हा प्रसंग आपण फार लवकर वाचून पुढे जातो. नियम पाळायचा म्हणून दोन माणसांना मरायला लावणारे लोक स्वतःला धर्माचे रक्षक समजत होते. शब्बाथ मोठा की माणूस, हा प्रश्न प्रभू येशूलाही अशाच लोकांपुढे मांडावा लागला होता. आणि एवढे होऊनही मुलांना जागा मिळाली नाहीच. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणला जावे लागले. पुढे नेवाशाला ज्ञानदेवांनी गीतेवर निरूपण केले आणि सच्चिदानंद बाबांनी ते लिहून घेतले. ती ज्ञानेश्वरी शके 1212, म्हणजे इ.स. 1290 मधली. तेव्हा मुक्ता अकरा वर्षांची होती.

आईविना वाढलेल्या या मुलीनेच भावांचे घर सांभाळले. आळंदीत विसोबा चाटी नावाचा गृहस्थ या भावंडांचा फार द्वेष करी. मांडे भाजायला खापर हवे म्हणून मुक्ता कुंभारवाड्यात गेली, तेव्हा कोणी तिला भांडे देऊ नये असा विसोबाने बंदोबस्त केला. ती रडत घरी आली. कथा सांगते की ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि बहिणीला त्यावर मांडे भाजायला सांगितले. ते पाहून विसोबाचे मन पालटले, आणि हाच विसोबा पुढे विसोबा खेचर म्हणून नामदेवांचा गुरू झाला. पाठीवर मांडे भाजले गेले की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्या दिवशी बहिणीच्या मनाची लाही झाली होती आणि भावाने ती शांत केली, हे मात्र पटते.

पुढे पाळी उलटली. एके दिवशी ज्ञानदेव बाहेर गेले असता कोणीतरी त्यांचा अपमान केला. संन्याशाच्या पोराचे तोंड पाहणे म्हणजे अपशकुन, अशा अर्थाचे ते बोलणे असावे. अशी बोलणी त्यांनी जन्मभर ऐकली होती. पण कधी कधी शंभर वेळा सोसलेला शब्द एकशेएकाव्या वेळी आत शिरतो आणि बाहेर पडत नाही. ज्ञानदेव झोपडीत आले आणि त्यांनी ताटी लावून घेतली. ताटी म्हणजे कुडाचे, काटक्यांचे दार. आत बसून ते काय विचार करीत होते ते कोणी लिहून ठेवलेले नाही. अपमान गिळून एकटे बसलेल्या माणसाच्या मनात काय चालते हे ज्याचे त्याला ठाऊक असते.

मुक्ता बाहेर उभी राहिली आणि तिने भावाला ताटी उघडायची विनवणी केली. तिचे ते बोलणे ताटीचे अभंग म्हणून प्रसिद्ध आहे आणि वारकरी ते आजही गातात.

ताटीला ना कडी असते ना कुलूप. एका हाताने लोटली असती तरी ती उघडली असती. मुक्ताने ती लोटली नाही. आपल्या घरात कोणी असे दार लावून बसले की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. दार ठोठावून आरडाओरडा करतो, नाहीतर बसू दे, येईल भानावर, असे म्हणून निघून जातो. मुक्ता थांबली आणि बोलत राहिली. दार आतूनच उघडायला हवे हे तिला कळत होते.

ती काय बोलली हेही पाहण्यासारखे आहे. कोण बोलले, कसे बोलले, त्याची लायकी काय, याची तिने चौकशी केली नाही. तसे केले असते तर विचारांच्या चक्कीत आणखी दाणे पडले असते. विचार करू नकोस, असेही ती म्हणाली नाही, कारण तसे सांगून कोणाचे विचार थांबत नाहीत. तिने भावाला त्याच्याच शरीराकडे पाहायला लावले. आपलाच हात आपल्याला लागला तर आपण त्याच्यावर रुसतो का? जेवताना दातांखाली जीभ सापडली म्हणून कोणी दात पाडून टाकतो का? बोलणारा परका नाही, तोही त्याच एका देहाचा अवयव आहे, हे तिने असे घरगुती दाखले देऊन समजावले. संत पौलाने करिंथकरांना देहाचा आणि अवयवांचा दाखला दिला आहे तो आपल्याला ठाऊक आहेच. जग आगीसारखे भडकले तर संताने पाणी व्हावे, असाही तिच्या सांगण्याचा एक धागा आहे. आणि या सगळ्यात ती त्याला पुन्हा पुन्हा तो कोण आहे याची आठवण करून देते. अपमान झालेला माणूस स्वतःला त्या एका शब्दाएवढा लहान समजू लागतो. धाकटी बहीण मोठ्या भावाला त्याचे खरे माप परत देते.

ज्ञानदेवांनी ताटी उघडली.

येथे आपल्या परंपरेतील एका संताची आठवण होते. 1521 साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेले इग्नेशियस लोयोला दुसऱ्या वर्षी मानरेसा येथे राहिले. तेथे त्यांचे मन असेच धावू लागले. जुन्या पापांची कबुली देऊन झाली होती, तरी काहीतरी सांगायचे राहिले असे वाटे. पुन्हा कबुली देत, पुन्हा नवी शंका उभी राही. आपला जीव द्यावा असेही त्यांच्या मनात येऊन गेले. त्यांनी आठवडाभर अन्न सोडले. शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी उपास मोडायला लावला, आणि पुढे झाल्या-गेल्या पापांची पुन्हा कबुली द्यायची नाही असे ठरवल्यावर त्यांची सुटका झाली. आध्यात्मिक साधना या आपल्या पुस्तकात त्यांनी या अनुभवातून एक नियम घातला आहे. मन अंधारात असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. ताटी लावलेली असताना कोणताही मोठा निर्णय घेऊ नये, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. इग्नेशियस यांनाही एकट्याने बाहेर पडता आले नाही. दुसऱ्या कोणाचा तरी आवाज लागला.

मुक्ताई नेहमीच मऊ बोलत असे असे मात्र नाही. चांगदेव हे मोठे योगी. त्यांचे वय चौदाशे वर्षे होते असे कथा सांगते. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहायला ते बसले आणि मायन्यापाशीच अडले. ज्ञानदेव वयाने लहान, मग आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार लिहावा? विचार करून करून शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. अतिविचाराची याहून चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे म्हणून मुक्ताई हसली. त्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी लिहिलेल्या 65 ओव्या चांगदेव पासष्टी म्हणून ओळखल्या जातात. चांगदेव पुढे याच मुलीचे शिष्य झाले. संगमावरचे गाव त्यांच्या नावाने आहे.

नामदेवांच्या बाबतीत तर तिचा फटका फार लागला. तिच्या सांगण्यावरून गोरोबाकाका कुंभारांनी थापटणे घेऊन जमलेल्या संतांची डोकी मडक्यांसारखी तपासली आणि नामदेव कच्चे ठरले. ते दुखावले, तडक पंढरपूरला गेले आणि त्यांनी विठ्ठलापाशी गाऱ्हाणे केले. त्यातून विसोबा खेचरांकडे जाण्याची वाट निघाली, हे खरे. तरीही चारचौघांत बोललेले खरे आणि ताटीबाहेर उभे राहून बोललेले खरे यांत फरक आहे. निदान आपल्यासारख्यांनी दुसऱ्या प्रकारावर भर द्यावा.

इतरांची मने सांभाळणाऱ्या या मुलीचे स्वतःचे मन शेवटी फार हलले. शके 1218, म्हणजे इ.स. 1296 च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. पुढच्याच महिन्यात सोपानदेव सासवडला गेले. नामदेवांच्या नावाने जे समाधीचे अभंग चालत आले आहेत त्यांत मुक्ताई किती उदास झाली होती हे येते. थोरले निवृत्तिनाथ तिला जपत तिच्यासोबत राहिले. शहाण्या माणसालाही दुःख होते आणि धीर देणाऱ्यालाही कधीतरी धीर लागतो. आपल्या घरातली जी बाई सगळ्यांची समजूत घालते, तिची विचारपूस आपण शेवटची केव्हा केली?

पहिल्या राजांच्या पुस्तकात एलिया संदेष्टा झाडाखाली मरण मागत पडतो. देवदूत त्याला आधी भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा खायला उठवतो. देवाची वाणी नंतर येते. धावणाऱ्या मनासाठी झोप, वेळेवर घास आणि शेजारी बसणारे माणूस ही पहिली गरज आहे. जपमाळेचा एकच दशक सावकाश, श्वासाच्या लयीत म्हणावा. पाचही दशके उरकण्याची घाई नको. आणि आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, काम सुचत नसेल किंवा जगू नये असे वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. त्यात विश्वासाची कमतरता नाही. 2022 पासून सरकारची टेली-मानस ही सेवा सुरू आहे. 14416 या क्रमांकावर फोन केला तर मराठीतही बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

इ.स. 1297 च्या वैशाख वद्यात भावंडे आणि संतमंडळी तापीकाठी आली असता आकाश भरून आले, वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली, असे परंपरा सांगते. पुढच्या महिन्यात निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरला समाधी घेतली. दरवर्षी ज्येष्ठात मुक्ताईची पालखी येथून निघते आणि महिनाभराहून अधिक चालून पंढरपूरच्या वेशीवर पोचते. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची येते, आळंदीहून ज्ञानदेवांची, सासवडहून सोपानदेवांची. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी वाखरीच्या माळावर चारही भावंडांच्या पालख्या एकत्र येतात.