नाण्यांचे वाचक : म. म. वासुदेव विष्णु मिराशी

देवघरातील डबीत एखादे झिजलेले तांब्याचे नाणे बहुतेक जुन्या घरांतून आढळते. दिवाळीस ते चिंचेने लखलखीत घासले जाते, आणि त्यावर जे काही अक्षर उरलेले असेल तेही त्याबरोबर नाहीसे होते. अशा नाण्यांची खरी किंमत विदर्भास ज्यांनी दाखवून दिली, त्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचा अल्प परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे.

मिराशींचा जन्म १३ मार्च १८९३ रोजी कोकणातील कुवळे या गावी झाला. संस्कृत विषय घेऊन ते एम. ए. झाले व १९१९ साली नागपूरच्या मॉरिस कॉलेजात अध्यापक म्हणून आले. कोकणचा हा पंडित पुढे विदर्भाचाच झाला. कालिदासावर त्यांनी ग्रंथ लिहिला. परंतु ताम्रपट, शिलालेख व नाणी यांचा जो नाद लागला तो अखेरपर्यंत सुटला नाही.

१९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा या खेड्यात सातवाहनांची सुमारे १६०० नाणी सापडली. सोने नव्हे, रुपे नव्हे. तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रणाची ही नाणी. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचे चिन्ह. सोनाराने त्यांस दारातही उभे केले नसते! ठसा मोठा व नाणे लहान असल्यामुळे राजाचे पूर्ण नाव एका नाण्यावर क्वचितच उतरे. एकावर आरंभीची अक्षरे, दुसऱ्यावर शेवटची. अशी शेकडो नाणी शेजारी ठेवून नाव जुळवावे लागे. हे किचकट काम मिराशींनी केले. त्यातून कुंभ, कर्ण व शक हे पुराणांच्या यादीत नसलेले सातकर्णी राजे उजेडात आले. साठा फुटून घरोघरी वाटला गेला असता, तर ही नावे बहुधा कधीच जुळली नसती.

हौशी संग्राहकांचे ऋणही या शास्त्रावर मोठे आहे. हैदराबादच्या एका संग्राहकाजवळील एकाच नाण्यावर मिराशींना 'सातवाहन' हे नाव वाचता आले. यावरून या नावाचा राजा खरोखर होऊन गेला व त्याच्यावरूनच घराण्यास नाव पडले, असे त्यांनी प्रतिपादिले. तो सिमुकाच्या आधीचा की कसे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु ते नाणे जपून ठेवले नसते, तर वादास आधारच उरला नसता.

आपल्या भंडारा जिल्ह्याकडेही त्यांचे लक्ष होते. पवनी येथील भार राजा भगदत्त याचा पादुका-शिळेवरील प्राकृत लेख त्यांनी वाचून प्रसिद्ध केला. त्याच पवनीस १९६९-७० साली उत्खनन होऊन प्राचीन स्तूप उघडकीस आला. वैनगंगेकाठी शेत नांगरताना मडके लागले, तर ते फोडून वाटून घेण्यापूर्वी आमच्या लोकांनी पवनीची आठवण ठेवावी; १८७८ च्या कायद्याप्रमाणे असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळवावयाचा असतो, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

कलचुरी, वाकाटक व शिलाहार या राजवंशांच्या लेखांचे त्यांचे बृहद् ग्रंथ अनुक्रमे १९५५, १९६३ व १९७७ साली प्रसिद्ध झाले. शेवटचा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय ८४ वर्षांचे होते. १९७५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३ एप्रिल १९८५ रोजी ते निवर्तले.