सुमंत मुळगावकर : चालकांच्या पंगतीत बसणारा अभियंता

सुरतच्या रिंग रोडवरील कापडबाजारातून गाठोडी भरून निघालेला ट्रक सुमारे २८० किलोमीटरवरील मुंबई गाठतो आणि पुष्कळदा तेथून पुढे पुणे-कोल्हापूरची वाट धरतो. अशा फेऱ्या वर्षानुवर्षे केलेल्या गाडीच्या मालकापुढे कधी तरी प्रश्न उभा राहतोच : इंजिन उतरवून नव्याने बांधायचे, की आणखी एक हंगाम रेटायचा? विनाकारण खोलले तर साठवलेली रक्कम आणि कित्येक दिवसांचे भाडे बुडते. उशीर झाला तर रिंगा-बेअरिंगवर भागणारे काम क्रँकशाफ्टपर्यंत जाते. ट्रक बांधणाऱ्यानेही चालवणाऱ्याची ही चिंता ऐकायला हवी, असे मानणारा एक अभियंता टेल्कोला लाभला होता. त्याचे नाव सुमंत मुळगावकर.

आडनाव ऐकताच गोमंतकीयाला डिचोली तालुक्यातील मुळगाव आठवावे. सुमंत यांचा जन्म मात्र ५ मार्च १९०६ रोजी मुंबईत झाला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात यंत्र अभियांत्रिकी शिकून ते परतले आणि सिमेंटच्या धंद्यात शिरले. एसीसीमध्ये त्यांनी नाव मिळवले. परदेशी यंत्रसामग्री मिळणे दुरापास्त असताना ती येथेच घडवता येईल, हा त्यांचा विश्वास त्याच काळातला. १९४९ मध्ये जे. आर. डी. टाटांनी त्यांना टेल्कोत आणले. १९४५ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी त्या वेळी जमशेदपूरला वाफेची रेल्वे इंजिने बनवण्याच्या कामात होती.

१९५४ मध्ये डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. ट्रकच्या पुढच्या जाळीवर जर्मन तारा झळकत होता. पण रस्ता, ऊन, धूळ आणि क्षमतेपलीकडचा बोजा हे सारे येथले होते.

मुळगावकरांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, गाभा तोच राहतो. दुपारच्या जेवणाला ते सहकाऱ्यांसोबत नसत, गाडी काढून निघून जात. विक्रेते त्यांना एखाद्या बड्या हॉटेलात मेजवानी देत असावेत, अशी कुजबुज झाली. एकदा कोणी पाठलाग केला, तेव्हा साहेब महामार्गावरील एका ढाब्यावर ट्रकचालकांच्या पंगतीत जेवताना दिसले. गाडीत काय चांगले, काय वाईट, हे ते त्यांना विचारत होते.

चालकाला असे काय कळते, जे कारखान्याला सहज कळत नाही? जुन्या इंजिनाचेच पाहावे. मीटरवरचा लाखांचा आकडा फारसे काही सांगत नाही. नीट ऑइल बदललेले इंजिन पुष्कळ चालते, हेळसांड झालेले त्याच्या निम्म्यात थकते. चालक मात्र जाणतो की, पूर्वी सुरत-मुंबई फेरीत ऑइल घालावे लागत नव्हते आणि आता प्रत्येक फेरीला डबा उघडावा लागतो. थंडीच्या पहाटे गाडी उशिरा उचलते. ब्रीदरमधून धुराचा झोत येतो. मिस्त्री म्हणतात, इंजिन बॅक मारते. चढावर निळसर धूर सुटतो. तापलेल्या इंजिनात ऑइलचा दाब उतरतो. ही लक्षणे एकत्र आली, कॉम्प्रेशन मोजून सर्वच सिलिंडर कमी भरले, तर रिंग-पिस्टन घासले हे धरून चालावे. फिल्टरमध्ये धातूचा चुरा सापडला तर गाडी जागीच उभी करावी.

याउलट केवळ काळा धूर आणि मंद ओढ असेल, तर आधी एअर फिल्टर, नोझल आणि डिझेल पंप तपासावा. पाण्यात ऑइल उतरले तर प्रथम संशय हेड गॅस्केटवर घ्यावा. दोन्ही ठिकाणी दोष स्वस्तात निघू शकतो. घाई करणारे मिस्त्री तेवढ्यासाठीही अख्खे इंजिन खाली घेतात, ही मालकवर्गाची जुनी तक्रार आहे आणि ती निराधार नाही.

मुळगावकरांनी संशोधनाला उत्पादनाइतकेच महत्त्व दिले. जमशेदपूरला १९५९ मध्ये आणि पुण्याला १९६६ मध्ये संशोधन केंद्र उभे राहिले. पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडच्या उजाड माळावर त्यांनी झाडे लावली, तलाव केला, तरुणांना कारागिरी शिकवणारा विभाग काढला. ट्रक त्या कारखान्यातून पुष्कळ नंतर, १९७७ मध्ये, बाहेर पडला. एवढा धीर आजच्या उद्योगात विरळा. १९६९ मध्ये जर्मन करार संपला, तारा उतरला आणि त्या जागी टाटांचे चिन्ह आले. गाडीची मागणी मात्र ओसरली नाही. ६९२ आणि ६९७ ही इंजिने महामार्गावरील मिस्त्र्यांच्या इतकी अंगवळणी पडली की, त्यांचे आकडेच त्यांची नावे झाली.

१९८६ मध्ये जपानी कंपन्यांशी स्पर्धा करीत टाटा ४०७ हा छोटा ट्रक आला. १९८८ मध्ये टेल्कोची धुरा रतन टाटांकडे गेली. १ जुलै १९८९ रोजी मुळगावकरांचे निधन झाले. पद्मभूषण त्यांना मरणोत्तर मिळाले. १९९४ मध्ये बाजारात आलेल्या टाटा सुमोचे नाव सुमंत आणि मुळगावकर या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ठेवले गेले.