बंदूक ठेवून कणीस हाती घेणारे खानखोजे

मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकाराने एक पंगत रंगवली आहे. तीत मध्यभागी बसून भाकरी मोडणाऱ्या पुरुषाचा चेहरा डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा मानला जातो.

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. इंग्रजी राज्य उलथून टाकायचे तर युद्धशास्त्र शिकायला हवे, या ध्यासाने ते तरुणपणीच जपानमार्गे अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी लष्करी शिक्षण घेतले आणि त्याच्याच जोडीने शेतीशास्त्राचाही अभ्यास केला. गदर चळवळीच्या पहिल्या फळीत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या डोंगराळ मुलखात ते ब्रिटिशांविरुद्ध लढले. पुढे बर्लिन झाले, 1921 मध्ये मॉस्कोही झाले. मायदेशाचे दार मात्र बंदच राहिले. शेवटी 1924 मध्ये ते मेक्सिकोत उतरले.

मेक्सिकोतही क्रांती नुकतीच होऊन गेली होती. जहागिरी मोडून जमीन कसणाऱ्याला देण्याचे काम सुरू होते. पण जमिनीबरोबर चांगले बियाणे मिळाले नाही, तर नवा मालक जुन्याच दारिद्र्यात राहणार होता. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापक झालेल्या खानखोजेंनी नेमके हेच काम हाती घेतले. मका ही मूळची त्याच भूमीची देणगी. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणलेली मिरचीही तिकडचीच. मक्याची आणि त्याच्या रानटी भाईबंदांची जवळीक तेथे शेताच्या बांधावरच पाहायला मिळते. वाणसंकराचे प्रयोग करणाऱ्याला याहून चांगली प्रयोगशाळा कोणती?

संकर घडवणे हे या कामातले निम्मेच काम असते. एका झाडाचा तुरा आणि दुसऱ्याचे कणीस यांचा मेळ घालता येतो. खरे कष्ट त्यानंतरचे. नवे वाण स्थानिक वाणाच्या शेजारी लावायचे, हंगामामागून हंगाम कणसे मोजायची, दाणे तोलायचे, पाऊस ओढ देतो तेव्हा कोण तगते ते पाहायचे. शिवाय दाणा चुन्याच्या पाण्यात शिजून त्याची भाकरी नीट झाली नाही, तर भरघोस उताऱ्याचे शेतकऱ्याच्या घरी कोणाला कौतुक? आज हरितगृहातील संकरित टोमॅटो पारखतानाही वजनाच्या काट्याबरोबर साल, रंग, चव आणि टिकाऊपणा पाहावा लागतो, तो याच न्यायाने.

खानखोजेंच्या प्रयोगांतून एकाच कणसाला अनेक फाटे असलेला मका पुढे आला. स्पॅनिश भाषेत तो डाळिंबाच्या नावाने ओळखला गेला आणि 1936 मध्ये त्यावर त्यांची पुस्तिका निघाली. त्यांच्या मक्याची छायाचित्रे तिना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकर्तीने टिपली आहेत. गव्हाच्या वाणांवरही त्यांनी काम केले. मात्र हे ज्ञान विद्यालयाच्या आवारातच राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. शेतमजुरांच्या मुलांसाठी मुक्त कृषी शाळा उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि त्यांच्या शोधांहून हे काम कमी मोलाचे मानता येणार नाही.

याच काळात त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला; दोन मुली झाल्या. मनात मात्र वऱ्हाडची काळी माती होतीच. देश स्वतंत्र झाल्यावर 1949 मध्ये मध्य प्रांत सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावले. विमानतळावर त्यांना अडवण्यात आले, कारण इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीतून त्यांचे नाव अजून कोणी काढलेच नव्हते! ज्या राज्याशी ते आयुष्यभर लढले, ते जाऊन दोन वर्षे उलटली होती.

सुटका झाल्यावर त्यांनी काम केले, परत गेले, आणि पन्नाशीच्या दशकात कायमचे मायदेशी आले. नागपुरात 22 जानेवारी 1967 रोजी त्यांचे निधन झाले. चापिंगोच्या आवारात त्यांचा पुतळा 2022 मध्ये उभा राहिला.