खाचेवर विश्वास ठेवणारा माणूस

गेले दोन महिने आमच्या घरात एका दांड्यावरून खल चालू होता. दांडा म्हणजे टोनआर्म, तबकडीवर सुई घेऊन फिरणारा टर्नटेबलचा हात. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा फंडाच्या पैशातून मी एक भारी टर्नटेबल घेतला. त्याचा हात एकाच अणकुचीदार खुंटीवर तोललेला होता. आवाज अप्रतिम, पण लाड फार. वाटीतले तेल पाहा, सुईवरचे वजन मोजा, उंची जुळवा, कलला असेल तर सरळ करा. हे सारे मी वर्षानुवर्षे हौसेने केले. आता साठी उलटली आहे आणि उजव्या हाताला बारीक कंप सुटला आहे. दुसरा हात घ्यायचा तो निगा कमी मागणारा असावा, एवढे ठरले. पण माझ्यासारख्या हौशी माणसाला कमी निगा म्हणजे कमी दर्जा असेच वाटत आले होते. ही गाठ सुटायला मला शंभर वर्षे मागे, एमिल बर्लिनरकडे जावे लागले.

आपल्याकडे ग्रामोफोन हा शब्द घरोघरी पोचला. तो ज्याने रूढ केला, त्याचे नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. बर्लिनर जन्मला २० मे १८५१ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर गावी, एका ज्यू व्यापाऱ्याच्या लेकुरवाळ्या घरात. चौदाव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. छापखान्यात उमेदवारी केली, कापडाच्या दुकानात माल विकला. १८७० मध्ये तो अमेरिकेला गेला. तिथेही आधी वॉशिंग्टनला कापडदुकानातली कारकुनी आणि मग न्यू यॉर्कला पडेल ते काम. एका रसायनशाळेत त्याने बाटल्यादेखील धुतल्या. रात्री मात्र तो कूपर इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन विज्ञानाची पुस्तके वाचत बसे. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहून रात्री स्वतःचे काही करणाऱ्यांची जात मला परिचयाची आहे. माझ्या कादंबऱ्याही अशाच रात्री लिहून झाल्या.

१८७७ मध्ये त्याने टेलिफोनसाठी नव्या तऱ्हेचा ट्रान्समीटर रचला. बेल कंपनीने तो घेतला, त्यालाही नोकरीत घेतले. त्या पेटंटवर पुढे अनेक वर्षे कोर्टकज्जे चालले, पण हाती चार पैसे आले. ते घेऊन तो वॉशिंग्टनला परतला आणि आवाज साठवण्याच्या मागे लागला.

एडिसनचा फोनोग्राफ तोवर आला होता. त्यात नळकांडे फिरे आणि सुई खाचेत वरखाली होई. खाच कुठे उथळ, कुठे खोल. तिला सुई पुढे ओढून नेण्याचा भरवसा नव्हता, म्हणून सुईला बाजूला सरकवण्यासाठी आटे पाडलेला वेगळा दांडा लागे. बर्लिनरने दिशाच बदलली. त्याची खाच सारख्या खोलीची, आणि आवाजाची थरथर डावी-उजवीकडे. दोन्ही भिंतींनी सुईला धरून ठेवायचे आणि तबकडी फिरेल तसतसे खाचेनेच तिला वाट दाखवायची. सपाट तबकडीवर हे जमले आणि आट्यांचा दांडा गळून पडला. १८८७ मध्ये पेटंट मिळाले, १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्याने जाहीर प्रयोग करून दाखवला.

दुसरा लाभ याहून मोठा. जस्ताच्या तबकडीवर मेणाचा पातळ थर, त्यावर सुईची रेघ आणि मग आम्लाने ती कोरून काढायची, अशी त्याची रीत. तिच्यावरून उलटा ठसा घेतला की हव्या तितक्या प्रती निघत. सुरुवातीच्या नळकांड्यांच्या काळात गायकाला तेच गाणे पुन्हा पुन्हा गावे लागे. तबकडीने त्याची सुटका केली. कठीण रबराच्या प्रती धड निघेनात, म्हणून १८९५ पासून लाखेचे मिश्रण वापरात आले. जगाला लागणारी लाख मुख्यतः हिंदुस्थानच्या जंगलांतून जात असे.

धंद्यात मात्र त्याची खाच चुकली. चावीची मोटर देणारा एल्ड्रिज जॉन्सन सच्चा निघाला, पण विक्रीचा मक्ता ज्याला दिला तोच उलटला. १९०० मध्ये कोर्टाच्या मनाईने बर्लिनरला अमेरिकेत स्वतःचे यंत्र विकता येईना. ग्रामोफोन हा शब्द त्याच्या दत्तक देशातल्या बाजारातून पुसला गेला. १९०१ मध्ये जॉन्सनने व्हिक्टर कंपनी काढली. बर्लिनरचे पेटंट तिकडे गेले, हिस्साही मिळाला, पण पाटीवरचे नाव गेले.

जॉन्सनच्याच कंपनीने पुढे टोनआर्म रूढ केला. आधी कर्ण्याचे ओझे साउंड बॉक्समार्गे तबकडीवर येई. आता कर्णा मागच्या कंसावर स्थिर राहिला आणि मध्ये निमुळता पोकळ हात आला. म्हणजे इथेही सुधारणा झाली ती ओझे उतरवून.

इकडे हॅनोव्हरला १८९८ मध्ये बर्लिनर आणि त्याचा भाऊ जोसेफ यांनी तबकड्यांचा कारखाना काढला होता. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा त्या तबकड्या छापून आल्या त्याच गावाहून. आपल्या संगीताची पहिली वही अशी त्याच्या जन्मगावी बांधली गेली.

कडवटपणा धरून बसण्याऐवजी हा माणूस दुधाकडे वळला. लहान मुलगी पोटाच्या विकाराने आजारी पडली, तेव्हा अशुद्ध दुधाने किती मुले दगावतात हे त्याच्या ध्यानी आले. दूध तापवून, निर्जंतुक करून द्यावे म्हणून त्याने चिकाटीने प्रचार केला, मुलांसाठी आरोग्याची पद्ये लिहिली. मुलगा हेन्री याच्याबरोबर हेलिकॉप्टरचे प्रयोगही केले. ३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टनला तो वारला.

पुढे १९४८ मध्ये बारीक खाचेची एलपी आली, दहा वर्षांनी स्टिरिओ आला. स्टिरिओच्या खाचेत एडिसनचे वरखाली आणि बर्लिनरचे डावे-उजवे दोन्ही नांदतात, पण सुईला आत नेते ती खाचच. हाताने फक्त आड येऊ नये. बिजागरी हलकी फिरावी, तरी खिळखिळी नसावी. वजन एकदा लावले की ढळू नये. एवढे पाळले तर रोजची खुडबूड उरत नाही.

हे उमगले आणि मला थोडी लाजही वाटली. माझ्या त्या नाजूक हातापायी इतक्या वर्षांत सौ.ने एकदाही स्वतः तबकडी लावली नव्हती. मीच लावू दिली नव्हती. बंद बेअरिंगचा साधा, नऊ इंची हात घेतला. दुकानातल्या माणसाने वजन आणि कोन एकदाच जुळवून दिले.

परवा दुपारी डुलकी लागली होती. जाग आली ती हिराबाई बडोदेकरांच्या आवाजाने. कळ दाबून सुई हळूच कुणी सोडली होती, ते पाहायला मी उठलो नाही.